ईश्वरवादी उत्क्रांती

सृष्टी देवानेच केली, पण ती करायची त्याची पद्धत म्हणजेच उत्क्रांती, असं मानणाऱ्या ख्रिस्ती विचाराला ईश्वरवादी उत्क्रांती म्हणतात. नाव जड आहे, प्रश्न मात्र नागपुरातल्या दहावीच्या पोरालाही पडतो, रविवारी संडे स्कूलमध्ये देवाने सहा दिवसांत जग केल्याची गोष्ट ऐकायची आणि सोमवारी विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. बायबलातलं पहिलं पुस्तक 'उत्पत्ती' आणि पुस्तकातली 'उत्क्रांती' यांच्यात विस्तव जात नाही असं बरेच जण धरूनच चालतात.

खरं तर सहा दिवस शब्दशः घ्यायचे की नाही ही शंका डार्विनच्या कितीतरी आधीची. उत्पत्तीत सूर्य चौथ्या दिवशी येतो, मग पहिल्या तीन दिवसांची सकाळ-संध्याकाळ कशी काय झाली, हे तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विचारवंताने विचारून ठेवलंय, आणि पुढे धर्मपंडित संत ऑगस्टीनलाही ते दिवस आपल्या चोवीस तासांचे वाटत नव्हते. उलट जग ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये झालं हा आयर्लंडचे आर्चबिशप अशर यांचा हिशोब १६५० चा, म्हणजे त्यामानाने कालपरवाचाच.

नागपूरला हा विषय थेट पायाखाली सापडतो. ज्यांच्या नावाने हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडचे मिशनरी, उपदेश करायचे, शाळा चालवायचे आणि वेळ मिळाला की हातोडी घेऊन दगड फोडायचे. नागपुरातल्याच टाकळीला काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडले, म्हणजे एक लाव्हा थंड झाला, वर तळं साचलं, त्यात जीव नांदले आणि मग पुन्हा लाव्हा आला. हे सगळं सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं. १८६३ मध्ये नागपूरजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे मोठ्या दगडांची प्राचीन वर्तुळं, बघून परतताना ते पुराच्या नाल्यात बुडून गेले. आजही सेमिनरी हिल्सवर धर्मगुरू घडवणारी सेमिनरी आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं ऑफिस एकाच टेकडीवर आहेत, आणि टेकडी बिचारी दोघांनाही सांभाळते!

कॅथलिक चर्चमध्ये पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये माणसाचं शरीर उत्क्रांत झालं का यावर अभ्यास करायला मोकळीक दिली, आत्मा मात्र थेट देवाकडूनच असं बजावलं. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले की उत्क्रांती आता नुसतं गृहीतक राहिलेली नाही. प्रोटेस्टंटांमध्ये एकमत नाही, होणारही नाही बहुतेक. डार्विनचा मित्र, वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे पक्का प्रेस्बिटेरियन, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाचा, होता, आणि माणसाची सगळी जनुकं वाचणाऱ्या मानवी जीनोम प्रकल्पाचे प्रमुख राहिलेले फ्रान्सिस कॉलिन्स श्रद्धावान ख्रिस्ती, तर दुसरीकडे पृथ्वी सहा-दहा हजार वर्षांची मानणाऱ्या मंडळ्याही आहेतच.

दिवसांचं कोडं सुटतं हो, खरी अडचण आदामाची आहे. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की एका माणसामुळे पाप आलं आणि पापामुळे मरण. जनुकशास्त्र सांगतं की माणूस एका जोडप्यातून नाही, हजारोंच्या समूहातून आला, आणि मरण तर त्याच्याही कितीतरी आधीचं. मग टाकळीची ती गोगलगाय कोणाच्या पापाने मेली? काही जण म्हणतात पौलाचं मरण म्हणजे देवापासून तुटणं, शरीराचं मरण नव्हे. काहींच्या मते देवाने त्या समूहातूनच एका जोडप्याला निवडून हाक मारली, आणि काहींना आदाम हे सगळ्या माणसांचंच नाव वाटतं, कारण हिब्रूत त्या शब्दाचा अर्थच मुळी माणूस असा होतो.