विभागवार कुपोषण सर्वेक्षणांचे एकत्रित अनुमान

एखाद्या प्रदेशाचे विभाग पाडून प्रत्येक विभागात कुपोषणाचे स्वतंत्र नमुना सर्वेक्षण झाले असेल, तर त्या निष्कर्षांवरून संपूर्ण प्रदेशासाठी एकच टक्केवारी काढण्याची सांख्यिकीय रीत. मोजणी बहुधा ६ ते ५९ महिने वयाच्या मुलांची होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढ-मानकांनुसार उंचीच्या मानाने वजन मध्यकाच्या खाली २ प्रमाण विचलनांहून (आकडे किती विखुरलेले आहेत त्याचे माप) अधिक घसरले असेल, किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर मूल तीव्र कुपोषित धरतात. दंडाचा घेर मोजल्यास मर्यादा १२५ मिलिमीटर; त्याहून कमी घेराचे मूल कुपोषित. हे दोन निकष पुष्कळदा वेगवेगळी मुले पकडतात. म्हणून एका विभागाचा दंडघेर आणि दुसऱ्याचे वजन-उंची असे आकडे एकत्र करता येत नाहीत.

प्रत्येक विभागाचा स्वतःचा आकडा भरवशाचा यावा म्हणून विभाग लहान असो वा मोठा, नमुना जवळपास सारखाच घ्यावा लागतो. अडचण इथूनच सुरू होते. सगळ्या विभागांच्या नोंदी एका तक्त्यात ओतून टक्केवारी काढली, तर लहान विभागातील मुलांचा प्रभाव वास्तवापेक्षा कितीतरी जास्त पडतो. उपाय म्हणजे भारित सरासरी. प्रत्येक विभागाच्या टक्केवारीला प्रदेशातील एकूण मुलांपैकी त्या विभागात किती हिस्सा आहे त्याने गुणायचे आणि बेरीज करायची. भार ठरतो तो त्या वयोगटातील मुलांच्या संख्येवरून. किती मुले मोजली याच्याशी त्याचा संबंध नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तीन विभागांत अनुक्रमे ६०,०००, ३०,००० आणि १०,००० मुले आहेत. प्रत्येकी ५०० मुले मोजली आणि तीव्र कुपोषण ८, १२ व २२ टक्के आढळले. साधी सरासरी येते १४ टक्के. भारित सरासरी मात्र ४.८ + ३.६ + २.२ = १०.६ टक्के. पहिल्या आकड्याने १४,००० मुले कुपोषित ठरतात, दुसऱ्याने १०,६००. उपचाराच्या आहाराची मागणी याच आकड्यांवरून नोंदवली जाते, तेव्हा ३,४०० मुलांचा हा फरक किरकोळ नाही.

अनिश्चितता जोडण्याची रीत वेगळी आहे. सर्वेक्षणे स्वतंत्र असल्यामुळे प्रत्येक विभागाच्या प्रमाण त्रुटीचा (नमुन्यामुळे अनुमानात येणाऱ्या चुकीच्या अंदाजाचा) वर्ग भाराच्या वर्गाने गुणून बेरीज करतात आणि तिचे वर्गमूळ घेतात. समूह नमुन्यात, म्हणजे काही गावे निवडून तिथली मुले मोजतात तेव्हा, एकाच गावातली मुले एकमेकांसारखी असतात, त्यामुळे प्रत्येक विभागाच्या त्रुटीत डिझाइन इफेक्ट (या सारखेपणामुळे त्रुटीचा वर्ग किती पट वाढतो तो आकडा) आधीच धरलेला हवा. वरील उदाहरणात तो १.५ मानला तर एकत्रित प्रमाण त्रुटी सुमारे १.०६ टक्के बिंदू येते आणि ९५ टक्के विश्वास मर्यादा (खरे मूल्य ज्यांच्या दरम्यान असावे त्या) साधारण ८.५ ते १२.७. विभागांच्या खालच्या-वरच्या मर्यादांचीच भारित सरासरी काढण्याची सवय बरीच दिसते. ती चुकीची आहे. त्याने मर्यादा ७.४ ते १३.८ अशा विनाकारण रुंदावतात.

संशोधन निबंधांच्या एकत्रित विश्लेषणात ज्या अभ्यासाची त्रुटी कमी त्याला जास्त भार देतात. तीच पद्धत इथे लावली तर उत्तर १२.१ टक्के येते. ती सर्व ठिकाणी मुळात एकच खरे मूल्य आहे असे धरून चालते. विभाग पाडलेले असतात ते मूल्ये वेगळी असावीत या अपेक्षेने, म्हणून ती इथे बसत नाही.

जोडण्याआधी प्रत्येक सर्वेक्षणाचा दर्जा तपासावा लागतो. २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘स्मार्ट’ या पोषण सर्वेक्षणाच्या प्रमाणित पद्धतीत वजन-उंचीच्या गुणांकांचे (मूल मध्यकापासून किती प्रमाण विचलने दूर आहे ते आकडे) प्रमाण विचलन ०.८ ते १.२ या पट्ट्यात असावे लागते. त्याबाहेर गेले तर मोजणीवरच शंका येते. काळही जुळायला हवा. एका विभागाची मोजणी सुगीनंतरची आणि दुसऱ्याची धान्य संपत आलेल्या महिन्यांतली असेल, तर बेरजेचे उत्तर कोणत्याच काळाचे नसते. लोकसंख्येचे आकडे जुने असले किंवा मधल्या काळात मोठे स्थलांतर झाले असेल तर भारच चुकतात. अशा वेळी दोन-तीन पर्यायी भार लावून उत्तर किती हलते ते पाहणे शहाणपणाचे.

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या २०१८ च्या वर्गवारीत ५ ते १० टक्के मध्यम, १० ते १५ उच्च आणि १५ व त्यापुढे अतिउच्च प्रमाण मानतात. उदाहरणातला प्रदेश १०.६ ने ‘उच्च’ गटात बसतो, पण त्याचा पहिला विभाग मध्यम आहे आणि तिसरा अतिउच्च. मुलांचा दहावा हिस्सा असलेल्या तिसऱ्या विभागात कुपोषितांपैकी जवळपास पाचवा हिस्सा आहे. म्हणून अहवालात एकत्रित आकड्याशेजारी विभागवार टक्केवाऱ्या, मर्यादा आणि वापरलेले भार छापतात. असुरक्षिततेमुळे किंवा रस्ता नसल्यामुळे वगळलेल्या भागांची नावेही द्यावी लागतात, कारण काढलेली टक्केवारी त्या भागांना लागू होत नाही.