कोअर किती, एवढ्यावर ऑर्डर देऊ नका

वर्कस्टेशन किंवा छोटा क्लस्टर (एकत्र जोडलेले संगणक) घ्यायला आलेले ग्राहक आधी विचारतात, "कोअर किती?", म्हणजे प्रोसेसरमध्ये गणितं करणारे भाग किती. विचाराच, पण पाठोपाठ रॅमचे चॅनेल (रॅम आणि प्रोसेसर यांच्यातल्या डेटाच्या वाटा) किती आणि त्यांतले भरलेले किती, हेही विचारा. सीएफडी (हवा-पाण्याच्या प्रवाहाची गणितं), हवामानाची मॉडेलं अशी कामं बहुतेक वेळा रॅमपाशी अडतात.

हिशोब बघा. डीडीआर४-३२०० रॅमच्या एका चॅनेलमधून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा जातो, आठ चॅनेलमधून २०४.८ जीबी. आता आकड्यांच्या दोन लांबलचक रांगा, म्हणजे अ‍ॅरे घ्या. एकातली संख्या ठरावीक आकड्याने गुणायची, दुसऱ्यातलीत मिळवायची, उत्तर तिसऱ्यात ठेवायचं. दर खेपेला तीन संख्यांची मिळून २४ बाइट्सची ने-आण आणि गणितं फक्त दोन! रॅम पूर्ण वेगाने धावली तरी साधारण १७ गीगाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला १७ अब्ज गणितं. ६४ कोअरच्या सर्व्हर प्रोसेसरची कागदावरची ताकद मात्र दोन हजार गीगाफ्लॉप्सच्याही वर असू शकते.

ही बेरीज म्हणजे जॉन मॅकॅल्पिन यांच्या 'स्ट्रीम' चाचणीतला 'ट्रायड'. आमच्या टेस्ट रिपोर्टची पहिली ओळ हीच असते. शेजारी अ‍ॅरेचा आकारही लिहिलेला असतो, तो जरूर बघा. अ‍ॅरे एकूण कॅशेच्या (प्रोसेसरमधल्या छोट्या, वेगवान मेमरीच्या) किमान चौपट हवा. लहान घेतला तर कॅशेचा वेग मोजला जातो आणि रिपोर्टवर फसवा मोठा आकडा येतो.

मागे एका कॉलेजचं दुसरीकडून घेतलेलं मशीन आमच्याकडे आलं. प्रोसेसर बदलायचा, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. झाकण उघडलं, तर आठ चॅनेलच्या बोर्डावर ६४ जीबीची एकच स्टिक. तिच्या जागी आम्ही ८ जीबीच्या आठ स्टिक लावल्या. रॅम तेवढीच, पण वाट आठपट रुंद झाली. प्रोसेसरला हात लावावा लागला नाही.

लिनपॅक ही मोठी समीकरणं सोडवणारी चाचणीही आम्ही रात्रभर चालवतो. जगातल्या सर्वांत वेगवान महासंगणकांची टॉप५०० यादी १९९३ पासून त्यावरच लागते. पण कॅशेत आलेला डेटा ती पुन्हा पुन्हा वापरते, त्यामुळे रॅमची परीक्षा होत नाही. पूर्ण लोडवर मशीन तापतं का, अडखळतं का, हे मात्र तिच्यात नेमकं कळतं. रॅमवर जोर देणारी एचपीसीजी चाचणी लावली, की जगातल्या बहुतेक महासंगणकांचा आकडा लिनपॅकच्या काही टक्क्यांवर येतो. तुमच्या मशीनचाही तसाच आला तर घाबरू नका.

दोन सॉकेटचं, म्हणजे दोन प्रोसेसरचं मशीन घेणार असाल तर एक गोष्ट तुमच्या प्रोग्रामरला सांगा. लिनक्सवर मेमरीचं पान (ठरावीक आकाराचा तुकडा) सहसा त्याच सॉकेटच्या रॅममध्ये जातं, जिथल्या थ्रेडने (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या एका धाग्याने) त्यावर पहिल्यांदा लिहिलं. सुरुवातीला अ‍ॅरेत शून्यं भरायचं काम एकाच थ्रेडने केलं, तर सगळा डेटा एका बाजूला साचतो आणि दुसऱ्या सॉकेटचे कोअर तो लांबून ओढत राहतात. शून्यं भरायचा लूपही समांतर लिहा.

आमच्या चाचण्यांपेक्षा तुमचा स्वतःचा प्रोग्राम अधिक खरं सांगतो. त्यातलं ५ टक्के काम समांतर होत नसेल, तर कितीही कोअर लावा, वेग २० पटींपलीकडे जात नाही. म्हणून मशीन बघायला येताना प्रोग्राम आणि रोजच्या आकाराचा डेटा पेनड्राइव्हवर आणा. १, २, ४, ८ असे कोअर वाढवत तो तुमच्यासमोरच चालवू, आणि वेळ वाचायची जिथे थांबेल तेवढ्याच कोअरचं कोटेशन देऊ.