संरक्षण वेगळे, मंजुरी वेगळी

माजी पंतप्रधानांवर किंवा माजी राष्ट्रपतींवर खटला भरता येतो का, असा विषय बेळगावच्या कोर्टाच्या आवारात निघाला की "परवानगी लागते, म्हणजे त्यांना संरक्षण असते" हे उत्तर हमखास ऐकू येते. वकिलांच्या तोंडूनही ते येते, याचे मला फार वाईट वाटते.

संरक्षण बहुतेकांना ठाऊक आहे. घटनेच्या कलम ३६१ नुसार राष्ट्रपती आणि राज्यपाल पदावर असेपर्यंत त्यांच्याविरुद्ध फौजदारी कारवाई सुरू करता येत नाही आणि चालूही ठेवता येत नाही. पंतप्रधान आणि मुख्यमंत्री त्यात येत नाहीत.

घोटाळा होतो तो पद सुटल्यानंतर. संरक्षण खुर्चीचे असल्यामुळे ते खुर्चीबरोबर संपते. कल्याण सिंह राजस्थानचे राज्यपाल होते तोवर बाबरी प्रकरणात त्यांच्यावर आरोप निश्चित झाले नाहीत, आणि २०१९ मध्ये पद सुटताच ते झाले (पुढे २०२० मध्ये ते निर्दोष सुटले). मंजुरी, म्हणजे खटल्यासाठी आधी घ्यावी लागणारी परवानगी, मात्र कृत्याला चिकटलेली असते. सरकारी कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल, माणूस आज पदावर असो वा नसो, न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी ती लागते. जुन्या फौजदारी संहितेचे कलम १९७ आणि आताचे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २१८ हेच सांगते. लाचेच्या प्रकरणात मात्र पद सोडलेल्याला पूर्वी मंजुरीची गरज नव्हती. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीने ती आणली, आणि हा बदल मला अजिबात मान्य नाही, कारण माजी नेत्याचा खटला त्यामुळे आजच्या सरकारच्या मर्जीवर अडकतो.

खानापूरचे एक अशील २०२४ च्या ऑगस्टमधले कात्रण घडी घालून घेऊन आले होते. म्हैसूरच्या भूखंड प्रकरणात मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्याविरुद्ध राज्यपालांनी दिलेल्या परवानगीची ती बातमी होती आणि 'परवानगी' या शब्दाखाली त्यांनी पेनाने दोनदा रेघ मारली होती. "वकीलसाहेब, संरक्षण काढून घेतले ना?" मी म्हटले, मुख्यमंत्र्यांना ते नव्हतेच, म्हणून तर परवानगीचा प्रश्न आला; उच्च न्यायालयानेही ती पुढच्या महिन्यात चौकशीपुरती कायम ठेवली. परवानगी मिळाली म्हणून कोणी दोषी ठरत नाही, हेही त्यांना सांगावे लागले.

पी. व्ही. नरसिंह राव यांना पंतप्रधानपद गेल्यानंतर, २००० मध्ये, खासदारांना लाच दिल्याच्या खटल्यात विशेष न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली होती आणि २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. ते सुटले ते अपिलात, पुराव्याच्या तपासणीनंतर. माजी पंतप्रधान म्हणून नव्हे.