‘ओरडली का नाही?’ आणि थिजलेलं शरीर

बलात्काराची बातमी आली की तिच्याखाली हमखास एक प्रश्न येतो: मग ती ओरडली का नाही? विचारणारा दरवेळी दुष्टच असतो असं नाही. आपल्यावर वेळ आली तर आपण चावू, लाथा झाडू, गाव गोळा करू अशी आपली प्रत्येकाची खात्री असते. भाषेला मात्र आपल्याहून जास्त कळतं. ‘बोबडी वळली’, ‘हातपाय गळाले’, ‘जागीच थिजलो’ हे सगळं वाघ पाहिलेल्या माणसाबद्दल आपण सहज बोलतो आणि त्याची वाघाला संमती होती असं कुणी म्हणत नाही.

कोर्टानं तसं म्हटल्याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. 26 मार्च 1972ची रात्र. देसाईगंजचं पोलीस ठाणं, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात, आता गडचिरोलीत. जबाब द्यायला आलेल्या आदिवासी मुलीला मागे थांबवून घेतलं, घरची माणसं बाहेर. अत्याचाराचा आरोप ठाण्यातल्याच दोन पोलिसांवर. (खटला तिच्याच नावानं ओळखला जातो, पण मी ते लिहीत नाही. पीडितेची ओळख छापणं 1983पासून गुन्हा आहे.) सत्र न्यायालयानं दोघांना सोडलं. नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली: निमूट शरण जाणं म्हणजे संमती नव्हे. सप्टेंबर 1978मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. अंगावर खूण नाही म्हणजे झटापट नाही, आणि झटापट नाही म्हणजे जे झालं ते शांततेत झालं. आपण ओरडलो होतो हे तिचं म्हणणं खोटं ठरलं.

याच खटल्यात ‘दोन बोटांची तपासणी’ही होती (डॉक्टर योनीत दोन बोटं घालून ती सैल आहे का ते पाहतात), आणि तिच्यावरून मुलीला शरीरसंबंधांची सवय असल्याचा निष्कर्ष निघाला. या तपासणीला शास्त्राचा काडीचा आधार नाही. पांढरा कोट घातलेली अंधश्रद्धाच ती. सर्वोच्च न्यायालयानं 2013मध्ये तिला फटकारलं, तरी ती चालूच राहिली. 2022मध्ये पुन्हा बजावावं लागलं की ही तपासणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल.

आता थिजण्याकडे येऊ. लहानपणी आजोळी आम्ही कोंबडीला उताणी दाबून धरायचो. दोन-चार क्षण फडफड, मग पाय ताठ, डोळे उघडे, सगळं बंद. हात काढला तरी मिनिटभर तशीच, आणि एकदम उठून पसार. गावात म्हणत, मंत्र टाकला की कोंबडी झोपते. 1646 साली आथानासिउस किर्खर या जर्मन जेझुइट पाद्र्यानं हाच प्रयोग लिहून ठेवला आहे. चोचीसमोर खडूनं ओढलेली रेघ कोंबडीला दोरी वाटते, असा त्याचा समज. ना मंत्र, ना रेघ. भक्ष्यानं धडपड थांबवली की शिकारी जरा सैल पडतो, आणि तेवढी फट जीव वाचवायला पुरते. याला टॉनिक इमोबिलिटी म्हणतात.

याच्या अलीकडची पायरी म्हणजे दबकणं. तिचं मेंदूतलं वायरिंग मला फार आवडतं, म्हणून थोडं सोसा. 2016 साली स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या संशोधकांनी ते उंदरांत उलगडलं. धोका कळला की अमिग्डाला या मेंदूतल्या भीतीच्या केंद्राच्या मध्यवर्ती भागातल्या चेतापेशी मध्यमेंदूतल्या पेरिअ‍ॅक्विडक्टल ग्रे नावाच्या भागाला संदेश धाडतात. पण हा संदेश ‘थांब’ असा नसतो, ‘गप्प बस’ असा असतो. तो ज्या पेशींना मिळतो, त्यांचं कामच मुळी दुसऱ्या पेशींना गप्प ठेवण्याचं. वर्गात मास्तर पोरांना दाबून बसलेत आणि हेडमास्तरांनी मास्तरांनाच बाहेर बोलावलं, की वर्ग उसळतो. इथला उसळलेला वर्ग लंबमज्जेतल्या, म्हणजे मेंदूच्या तळाकडच्या भागातल्या, मॅग्नोसेल्युलर केंद्रकाला चेतवतो, तिथून हुकूम मेरुरज्जूकडे जातो आणि उंदीर जागीच खिळतो. पळण्याचा मार्गही याच परिसरातून जातो. दोघांत चुरस असते. या साखळीत कपाळामागच्या, विचार करून ठरवणाऱ्या मेंदूची सही कुठेच लागत नाही. उलट तीव्र ताणात सुटणाऱ्या रसायनाचा, नॉरअ‍ॅड्रेनलिनचा लोंढा त्यालाच लुळा करतो.

उंदराचं दबकणं आणि माणसाचं थिजणं एकच नव्हे. दबकताना हृदयाचे ठोके मंदावतात, कान टवकारलेले असतात. ब्राझीलमधल्या संशोधकांनी आघात सोसलेल्या लोकांना, शरीराचा झोका मोजणाऱ्या फळीवर उभं करून, त्यांच्याच आघाताचं वर्णन ऐकवलं (2011). थिजल्याचं सांगणाऱ्यांचं डोलणं कमी झालं, पण ठोके मात्र वाढले. बाहेरून दगड, आत धावपळ.

स्टॉकहोममधल्या बलात्कारपीडितांच्या तातडीच्या दवाखान्यात आलेल्या 298 स्त्रियांचा अभ्यास 2017मध्ये प्रसिद्ध झाला. 70 टक्के स्त्रियांनी लक्षणीय थिजण्याचा अनुभव सांगितला, 48 टक्क्यांनी टोकाचा. पुढच्या वर्षी स्वीडनचा कायदा बदलला. बळजबरी सिद्ध करण्याऐवजी स्वेच्छा होती का, हा प्रश्न मध्यभागी आला. तो बदल या एका अभ्यासामुळे झाला असं म्हणणं मात्र अतिशयोक्ती ठरेल.

आपला कायदा तिथे आधी पोचला होता. देसाईगंजच्या निकालावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चौघा अध्यापकांनी 1979मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले. 1983च्या दुरुस्तीनं कोठडीतल्या बलात्कारात, संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि संमती नव्हती असं स्त्रीनं कोर्टात सांगितलं, तर ते कोर्टानं गृहीत धरायचं असं ठरलं. 2013मध्ये, दिल्लीतल्या 2012च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या वर्मा समितीच्या अहवालानंतर, संमतीची व्याख्याच आली: शब्दांनी, हावभावांनी किंवा अन्य कुठल्याही प्रकारे व्यक्त झालेली, त्या विशिष्ट कृतीपुरती, निःसंदिग्ध आणि स्वेच्छेची तयारी. पुढे जोडलं: केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून स्त्रीनं संमती दिली असं मानता येणार नाही. 1 जुलै 2024पासून हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 63मध्ये आहे.

पण एवढ्यावरून कुणी ‘मेंदूशास्त्रानं बलात्कार सिद्ध’ अशी दुकानं मांडू नयेत. थिजणं हा पुरावा नाही, आणि न थिजणं म्हणजे खोटेपणा नाही. विज्ञान इथे फक्त ‘जखम नाही म्हणून संमती’ हा एक दुवा तोडतं.

त्याच कलम 63मध्ये खाली एक अपवाद अजून आहे. पत्नी 18 वर्षांखालची नसेल, तर पतीनं केलेला संबंध बलात्कार ठरत नाही. वर लिहिलेली संमतीची व्याख्या तिथे लागूच होत नाही. ती ओरडली की थिजली, हे विचारण्यापर्यंत गोष्ट जातच नाही.