धुक्यातलं झाड फिकट का काढायचं?

हिवाळ्यात सकाळी लवकर गंगापूर धरणाच्या काठावर गेलात तर जवळची बाभूळ काळीकुट्ट दिसते, तिच्यामागची झाडं करडी आणि अंजनेरीचा डोंगर जेमतेम, आहे-नाही असा. कागदावर हे नीट उतरलं की चित्राला ‘मूड’ आला म्हणतात. त्याचं बरंचसं श्रेय मधल्या हवेचं.

हवेतले रेणू कमी तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतात. तरंगलांबी निम्मी झाली की विखुरणं 16 पट. लांबचे डोंगर निळसर दिसतात ते त्यामुळे. धुक्याचे थेंब मात्र या रेणूंपुढे अवाढव्य. ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून धुकं पांढरं. झाडाकडून निघालेला प्रकाश वाटेत गळतो आणि हवेने विखुरलेला उजेड त्यात मिसळतो. याचा फटका गडद भागांना सर्वांत जास्त बसतो: काळ्याचं करडं होतं, पांढऱ्याचं फारसं काही बिघडत नाही. लांबच्या झाडात ट्यूबमधला काळा रंग तसाच भरला, की ते झाड कात्रीने कापून चिकटवल्यासारखं पुढे येतं.

पाण्याची गंमत वेगळीच. सरळ खाली पाहिलं तर पाणी जेमतेम 2 टक्के प्रकाश परत पाठवतं. नजर जितकी तिरपी, तितकं परावर्तन वाढतं. म्हणून पायाशी तळातले गोटे दिसतात आणि दूरवर नुसतं आभाळ. पावसाळ्यातल्या गढूळ गोदावरीत झाडाचं प्रतिबिंब झाडाइतकं काळं नसतं, कारण त्यात पाण्याचा मातकट रंग मिसळतो. आणि प्रतिबिंब म्हणजे झाडाची उलटी नक्कल नव्हे! पाण्यात दिसतं ते खालून पाहिलेलं झाड, फांद्यांच्या पोटाकडची बाजू. शिकाऊ चित्रकार (आणि काही मुरलेलेही) वरचंच झाड खाली उलटं उतरवतात, मग पाणी आरशासारखं कडक वाटतं.

छटा तपासायला चित्रकार डोळे किलकिले करतात. बारकावे पुसले जातात, गडद-फिकट पट्टे तेवढे उरतात. मोबाईलवर फोटो कृष्णधवल करूनही हे कळतं. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या 1872च्या ‘इंप्रेशन, सनराइज’ या चित्रावर हा प्रयोग करून बघा. पाण्यावरच्या धुक्यातला तो नारिंगी सूर्य जवळजवळ गायब होतो, कारण त्याची उजळता भोवतीच्या आभाळाइतकीच आहे. रंगीत चित्रात तो थरथरल्यासारखा वाटतो, त्याचं कारणही हेच असल्याचं मेंदूच्या अभ्यासक मार्गारेट लिव्हिंगस्टन सांगतात: वस्तूची जागा ठरवणारी मेंदूतली यंत्रणा मुख्यतः उजळतेवर चालते, आणि तिला तिथे सूर्य धड सापडतच नाही.