नवा गुडघा आणि न ऐकणारी मांडी

‘रोबोटने गुडघेबदल, त्याच दिवशी चाला, तिसऱ्या दिवशी जिना चढा’ अशा जाहिराती हल्ली चौकाचौकांत दिसतात. त्यात फारसं खोटं नाही. बहुतेकांना ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतातच. पण त्यामुळे असा समज पसरतो, की सांधा बसला म्हणजे काम झालं आणि व्यायाम ही नुसती पुरवणी. मग महिना-दीड महिन्याने, दुखणं बरंच कमी झालेलं असतानाही कमोडवरून हाताच्या आधाराशिवाय उठता येत नाही आणि नव्या सांध्यावर संशय घेतला जातो. एक्स-रेमध्ये सांधा बहुधा जागच्या जागी असतो. अडलेली असते ती मांडी.

मांडीच्या पुढच्या बाजूचा चार भागांचा मोठा स्नायू, क्वाड्रिसेप्स, गुडघा सरळ करतो. २००५ साली अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातल्या संशोधकांनी २० रुग्णांचा हा स्नायू ऑपरेशनच्या आधी आणि सुमारे महिनाभराने मोजला. ताकद सरासरी ६२ टक्क्यांनी घटली होती. स्नायूची जाडी, म्हणजे त्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ, मात्र फक्त १० टक्क्यांनी कमी झालं होतं. मग बाकीची ताकद गेली कुठे?

हे शोधायची युक्ती छान आहे. रुग्णाला खुर्चीत बसवून घोट्याला जोर मोजणारं यंत्र बांधतात आणि ‘पूर्ण ताकदीने पाय पुढे ढकला’ असं सांगतात. जोर शिगेला पोचला, की मांडीवर लावलेल्या पट्ट्यांतून क्षणभर विजेचा झटका देतात. त्या क्षणी जोर आणखी वाढला, तर स्नायूत ताकद शिल्लक होती, पण मालकाला ती वापरता येत नव्हती. रुग्ण चुकारपणा करत नसतो. आदेश वाटेतच अडलेला असतो, आणि अडवणारा असतो मज्जारज्जू.

गुडघ्याभोवतीच्या पिशवीसारख्या आवरणात ताण ओळखणारी चेताग्रं असतात. सांध्यात पाणी साचलं, की आवरण ताणलं जातं आणि ही चेताग्रं मज्जारज्जूला सतत संदेश पाठवू लागतात. तिथल्या दमन करणाऱ्या मधल्या चेतापेशी जाग्या होतात आणि क्वाड्रिसेप्सला हुकूम देणाऱ्या चेतापेशींना दाबून ठेवतात. यासाठी वेदना असावीच लागते असं नाही. निरोगी गुडघ्यात मिठाचं निर्जंतुक पाणी टोचून केलेल्या प्रयोगांत दुखत नसतानाही स्नायू मंदावला. मांडीच्या आतल्या बाजूचा, गुडघ्याच्या वाटीजवळचा भाग २० ते ३० मिलिलिटरलाच दबतो, म्हणजे चहाच्या चार ते सहा चमचे पाण्याला. बाकीच्या भागांना ५० ते ६० मिलिलिटर लागतात. सांध्यात भूल देणारं औषध घातलं, की हे दमन बरंचसं ओसरतं. म्हणजे उगम सांध्यातच आहे. घरातली एमसीबी पडली असताना बल्ब बदलत बसावं, तसं सूज न उतरवता नुसता जोर करणं आहे.

याच भौतिकीतून उशीचा घोटाळा समजतो. सुजलेल्या सांध्यातला दाब गुडघा साधारण ३० अंशांत वाकलेला असताना सर्वांत कमी असतो, म्हणून गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं. पण तासन्‌तास तसंच राहिलं तर गुडघा पूर्ण सरळ होईनासा होतो आणि चालताना प्रत्येक पावलाला मांडी थकते. झोपताना उशी नको. जागेपणी दहा-पंधरा मिनिटं टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या. सुरुवातीला बर्फही उपयोगी, पातळ फडक्यात गुंडाळून, एका वेळी २० मिनिटांपर्यंत. ताज्या टाक्यांवर गरम तेलाची मालिश किंवा ‘वंगण वाढवणारं’ चूर्ण नको. नव्या सांध्यात धातू प्लास्टिकवर फिरतो. त्याला चूर्ण पोचत नाही.

आता सामूहिक वर्ग. टाके भरल्यावर सात-आठ जणांना एकत्र व्यायाम करायला लावतात, तेव्हा ‘आमच्याकडे वेगळं लक्ष कोण देणार?’ ही तक्रार हमखास येते. सिडनीत २४९ रुग्णांच्या चाचणीत एकास एक फिजिओ, गट आणि देखरेखीखाली घरचा व्यायाम असे तीन मार्ग ताडून पाहिले. निकालात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा महागडी एकट्याची सत्रं घेतली नाहीत म्हणून हळहळू नये. गुडघा आपोआप वाकवत राहणाऱ्या यंत्राचंही तेच. एकत्रित पुराव्यांनुसार त्याने वाकण्यात सुमारे दोन अंशांची भर पडते, आणि मांडी तर त्यात कामच करत नाही.

वर्ग फुकट जातो तो चोरीमुळे, आणि ही चोरी शरीर नकळत करतं. खुर्चीतून उठण्याचाच व्यायाम घ्या. रुग्ण ऑपरेशनचा पाय पुढे सरकवतो आणि सगळं वजन चांगल्या पायावर टाकून उठतो. दहाचे वीस आकडे होतात, दुबळी मांडी तशीच राहते. दोन्ही पावलांखाली एकेक वजनकाटा ठेवला की चोरी लगेच पकडली जाते. उपाय सोपा आहे: ऑपरेशनची टाच थोडी मागे, चांगलं पाऊल किंचित पुढे, हात छातीशी. सुरुवातीला आसनावर उशा टाकून उंची वाढवायची, मग एकेक काढायची. बसताना धप्पकन न बसता तीन मोजत खाली यायचं.

पायरी चढण्याच्या व्यायामाचंही तसंच: आधी १० सेंटीमीटर उंचीची, मग १५, मग घरच्या जिन्याएवढी. कमरेची एक बाजू खाली झुकली, की पायरी अजून जड आहे. आठ ते बारा वेळा, दोन-तीन फेऱ्या. शेवटच्या दोन वेळा कठीण गेल्या पाहिजेत. सगळ्यांनी एकाच तालावर दहा आकडे म्हणायचे आणि महिनाभर भार तोच ठेवायचा, तर तो वर्ग करमणुकीचा.

भार वाढवायचा की नाही, हे मापाच्या फितीला विचारावं. वाटीच्या मधोमध रोज सकाळी घेर मोजा. आदल्या दिवसापेक्षा तो साधारण सेंटीमीटरभर वाढला असेल, तर कालचा व्यायाम जास्त झाला. त्या दिवशी हलकं करा, बर्फ लावा, थांबू मात्र नका.

जमिनीवर मांडी घालून बसण्याबद्दल प्रत्येक वर्गात विचारणा होते. आधी गुडघा किती वाकत होता आणि कोणता सांधा बसवला यावर ते ठरतं, म्हणून परवानगी सर्जनकडूनच घ्यावी. पोटरी एकाएकी दुखून सुजली, जखमेतून स्राव आला किंवा ताप चढला, तर त्या दिवशी वर्गाला न जाता थेट रुग्णालय गाठावं. एकदम धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर रुग्णवाहिका बोलवावी.