मंद वाऱ्यात, आडव्या वाटेवर: शीड कोणतं?

शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वारा जोराचा असला की बोट सांभाळण्यातच सगळ्यांची शक्ती जाते. वारा मंदावला की शिडाची निवड जिंकवते किंवा हरवते. त्यातही वारा बाजूने येत असेल, म्हणजे खलाशांच्या भाषेत बोट रीचिंग करत असेल, तर ही निवड सर्वांत अवघड. वाऱ्याच्या तोंडावर चढताना डोलकाठीमागचं मुख्य शीड, म्हणजे मेनसेल, आणि पुढे जिब हे लहान किंवा जिनोआ हे मोठं शीड, हे ठरलेलंच असतं. वारा पाठीवर असला की फुगीर स्पिनेकर चढवायचा. मधल्या पट्ट्यात मात्र जिब, जिनोआ, स्पिनेकर आणि त्यांच्या मधलं कोड झीरो नावाचं शीड असे सगळेच दावेदार असतात, आणि पाण्यावरच्या लहरी बघून वाऱ्याची दिशा ठरवणारा हमखास चुकतो.

वारा पडलेला असतानाही सायकल चालवताना चेहऱ्याला वारा लागतो, तसंच बोटीचं आहे. खरा वारा आणि बोटीच्या वेगामुळे समोरून येणारा वारा यांची बेरीज म्हणजे आभासी वारा. शिडाला फक्त तोच लागतो. समजा खरा वारा 6 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 11 किलोमीटर आहे, आणि तो बोटीला काटकोनात येतोय. चांगली हलकी बोट अशा वाऱ्यात 5 नॉटने चालू शकते. मग शिडाला लागणारा वारा होतो जवळजवळ 8 नॉट, आणि तो येतो नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, फक्त 50 अंशांवरून. याच कोनात 20 नॉटचा वारा असेल आणि जड बोट 8 नॉटवर अडकली असेल, तर आभासी वारा 68 अंशांवर राहतो. मंद वाऱ्यात बोटीचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या जवळ जातो, म्हणून वारा पुढे सरकतो. शीड निवडायचं ते या पुढे सरकलेल्या वाऱ्यासाठी.

हा कोन इतका महत्त्वाचा का? शिडावर दोन बलं काम करतात. लिफ्ट आभासी वाऱ्याला काटकोनात असते, ड्रॅग वाऱ्याच्याच दिशेने ओढतो. आभासी वारा 35 अंशांवर असेल तर लिफ्टचा जेमतेम 57 टक्के भाग बोटीला पुढे नेतो, आणि ड्रॅगचा 82 टक्के भाग तिला मागे खेचतो. कोन 70 अंश झाला की लिफ्टचा 94 टक्के भाग कामी येतो, ड्रॅगचा फक्त 34 टक्के आड येतो. कोन 90 च्या पलीकडे गेला तर ड्रॅगसुद्धा मदतच करतो. त्यामुळे अरुंद कोनात सपाट, कमी ड्रॅगचं शीड हवं आणि रुंद कोनात मोठं, खोल पोटाचं. माझ्या मते रीचिंगच्या शिडांबद्दलचं बाकी सगळं या एका हिशेबातून निघतं.

पण क्षेत्रफळही हवंच. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की बल चौथ्या हिश्श्यावर येतं, आणि ही तूट कापडानेच भरून काढावी लागते. जिब सपाट आहे पण लहान. स्पिनेकर मोठा आहे पण 50 अंशांवर त्याची पुढची कड आत वळते आणि शीड कोसळतं. ही पोकळी भरली कोड झीरोने. 1997-98 च्या व्हिटब्रेड जगप्रदक्षिणा शर्यतीत कप्तान पॉल केयार्ड यांच्या ‘ईएफ लँग्वेज’ या बोटीने ते वापरलं आणि ती शर्यत जिंकलीही. कल्पना सुंदर होती: प्रत्यक्षात प्रचंड जिनोआ, पण मोजमापाच्या नियमात बसणारा स्पिनेकर. स्पिनेकर ठरायला शिडाची मधली रुंदी तळाच्या रुंदीच्या किमान 75 टक्के लागायची. इतकं कापड मध्यावर ठेवलं की मागची कड फडफडते. हवेच्या दृष्टीने तिथे त्या कापडाची गरजच नसते. पुढे काही नियमावल्यांनी कमी रुंदीच्या मोकळ्या शिडांना वेगळा वर्ग दिला, आणि मला तो बदल अतिशय योग्य वाटतो. नियमासाठी शिवलेल्या शिडापेक्षा वाऱ्यासाठी शिवलेलं शीड केव्हाही चांगलं.

मंद वारा कधी एकसारखा नसतो. वरच्या उदाहरणात झुळूक येऊन वारा 8 नॉट झाला तर आभासी कोन क्षणात 58 अंशांवर जातो; वारा 4 नॉटवर उतरला की, बोट अजून जुन्या वेगातच असल्याने, तो 39 अंशांवर येतो. जवळजवळ 20 अंशांचा हा झोका एकाच शिडाला पेलायचा असतो. म्हणून सुकाणूवाला झुळकीत बोट वाऱ्यापासून दूर वळवतो आणि वारा पडला की वाऱ्याकडे चढवतो. दोर धरणाऱ्याचे डोळे शिडाच्या पुढच्या कडेवर खिळलेले असतात. ती कड किंचित दुमडतेय इथवर दोर सोडायचा, दुमड वाढली की हातभर ओढायचा, पुन्हा सोडायचा.

आकाराबद्दल एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. 5 ते 8 नॉटमध्ये शिडाला पोट हवं हे खरं, पण वारा 3 नॉटवर आला की शीड पुन्हा सपाट करावं लागतं. इतक्या संथ हवेत खोल वळणाला चिकटून राहण्याची ताकद नसते. ती कापडापासून सुटते आणि लिफ्ट संपते. डोलकाठीच्या टोकाशी वारा जास्त असतो आणि म्हणून तिथे तो थोडा मागूनही लागतो. तेव्हा शिडाचा वरचा भाग खालच्यापेक्षा मोकळा ठेवायचा.

वजन हा मंद वाऱ्याचा मोठा शत्रू. स्पिनेकरला पातळ नायलॉन चालतं, कोड झीरोला मात्र न ताणणारं लॅमिनेट, म्हणजे थर चिकटवून केलेलं कापड लागतं, कारण त्याची पुढची कड सैल पडली की शिडाचं पोट वाढतं आणि अरुंद कोन हातचा जातो. जाड दोर शिडाचा कोपरा खाली ओढतो, म्हणून तो काढून बारीक दोर लावतात, धातूची कडीही नको म्हणून थेट गाठ मारतात. माणसं वाऱ्याच्या उलट बाजूला आणि पुढे बसतात. बोट थोडी कलली की गुरुत्वामुळे कापड आपोआप आकारात लटकतं, आणि बऱ्याच बोटींचा पाण्याला घासणारा पृष्ठभाग कमी होतो. कमी वेगात पाण्याचा विरोध मुख्यतः या घासण्याचाच असतो.

उरला प्रश्न शीड बदलायचं कधी. 5 नॉट वाऱ्यात गमावलेला वेग परत मिळायला फार वेळ लागतो, आणि वेग गेला की आभासी वाराही आटतो. म्हणून नवीन शीड चढून भरेपर्यंत जुनं उतरवत नाहीत, आणि शर्यतीच्या मार्गावरची पुढची खूण, जिथे बोट वळते, जवळ आली असेल तर थोडं चुकीचं शीडही तसंच ठेवतात.